पॅराथायरॉइडच्या ग्रंथी किती काढायच्या? आजार घराण्यातून आला असेल तर ऑपरेशनआधी काय ठरवायचं

पॅराथायरॉइडच्या ऑपरेशनचं नाव निघालं की बहुतेक दवाखान्यांत एकच वाक्य कानावर पडतं: "स्कॅनमध्ये एक गाठ दिसते, ती काढली की झालं." घरात हा आजार (पॅराथायरॉइडच्या ग्रंथी जास्त काम करून रक्तातलं कॅल्शियम वाढणं) दुसऱ्या कोणालाच नसेल तर ते बहुधा खरंही असतं. पण आजार आईबापाकडून आला असेल तर तेच वाक्य महागात पडतं. माझ्या थोरल्या भावाची अशीच एक ग्रंथी काढली गेली. घरात अजून कोणाला काही आहे का, हे कोणी विचारलंच नाही. दोन-अडीच वर्षांत कॅल्शियम पुन्हा चढलं आणि मान दुसऱ्यांदा उघडावी लागली. त्यानंतर जीनची तपासणी झाली. मग बाबांचे जुने मुतखडे आणि कधीच न भरलेला पोटाचा अल्सर, दोन्हींचा उलगडा झाला. माझी पाळी आली तेव्हा किती काढायचं, काय ठेवायचं हे आम्ही आधी बसून ठरवलं.

मी डॉक्टर नाही. यवतमाळकडच्या खेड्यात राहून हे सगळं केलेली बाई आहे. खाली लिहिलंय ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा.

आधी एवढं समजून घ्या. मानेत थायरॉइडच्या मागे साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, एकेक मसुराच्या दाण्याएवढी. काहींना पाचवी, सहावीही असते आणि ती बरेचदा छातीच्या वरच्या भागातल्या थायमसमध्ये लपलेली सापडते. या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि त्यावर रक्तातलं कॅल्शियम चालतं. पीटीएच जास्त झालं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं. मग मुतखडे, हाडं ठिसूळ होणं, थकवा, बद्धकोष्ठता, उदासपणा. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काढल्या तर उलटं होतं: कॅल्शियम पडतं आणि जन्मभर गोळ्या लागतात. किती काढायचं हा सगळा प्रश्न या दोन टोकांमधला आहे.

१. घरातल्या आजारांचा कागद तयार करा

डॉक्टरकडे जाण्याआधी एका कागदावर आजी-आजोबांपासून लेकराबाळांपर्यंत सगळ्यांची नावं लिहा. बापाकडचे लिहा, आईच्या माहेरचेही लिहा. हे आजार मुलगा-मुलगी असा भेद करत नाहीत. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी असते.

आपल्याकडे मुतखडा झाला की लोक उन्हाला आणि बोअरच्या पाण्याला दोष देऊन मोकळे होतात. वावरात भर उन्हात राबणाऱ्याला मुतखडा होतोही, म्हणूनच हा आजार विदर्भात सहज नजरेआड होतो. चाळिशीच्या आत वारंवार खडे होत असतील किंवा एकाच घरात दोघा-तिघांना होत असतील, तर पाण्याला दोष देण्याआधी कॅल्शियम तपासा.

घराण्यातल्या या आजारांत शरीरातल्या दुसऱ्या ग्रंथींतही गाठी होतात, म्हणून प्रत्येक नावापुढे हे विचारून लिहा:

- मुतखडे, कमी वयात हाड मोडणं
- न भरणारा अल्सर, सतत पातळ जुलाब
- उपाशीपोटी घाम, चक्कर, बेशुद्धी (गावात याला फिट म्हणतात, कधी अंगात आलं म्हणतात, साखर उतरलेली असू शकते)
- बाळंतपण नसताना दूध येणं, पाळी बंद होणं, डोकेदुखी आणि नजर अधू होणं
- थायरॉइडचा कॅन्सर
- एकाएकी बीपी चढणं, धडधड, दरदरून घाम. ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणात अचानक गेलेलं माणूस
- जबड्यात गाठ
- मानेचं कोणतंही ऑपरेशन

हे काम म्हाताऱ्या आत्यांकडून आणि मावश्यांकडून होतं. पुरुषांना घरातल्या कोणाला काय झालं होतं ते आठवत नाही. आमच्याकडे आजोबांच्या भावाची गोष्ट आत्यानेच सांगितली.

२. तपासण्या नीट करून घ्या

रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, पीटीएच साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. कॅल्शियमसोबत अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि व्हिटॅमिन डी हेही करा. अल्ब्युमिन कमी असलं तर कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो. कॅल्शियम वाढलेलं आणि पीटीएचही वाढलेलं किंवा "नॉर्मल"च्या आत, म्हणजे आजार आहे असंच धरून पुढे चला. कॅल्शियम जास्त असताना पीटीएच दबलेलं असायला हवं. ते नॉर्मल येणं हेच नॉर्मल नाही.

पीटीएचचं सॅम्पल तालुक्याहून नागपूरला जातं आणि वाटेत तापलं तर आकडा बिघडतो. लॅबवाल्याला सांगा की ईडीटीएच्या नळीत घ्या आणि बर्फात पाठवा. जमलं तर जिथे मशीन आहे तिथेच जाऊन द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवा, काही मशीनवर त्या पीटीएच खोटं कमी दाखवतात.

आता ज्या तपासणीचा सगळ्यांना कंटाळा येतो ती: चोवीस तासांची लघवी. ही टाळू नका. घराण्यातून येणारा असाही एक प्रकार आहे ज्यात कॅल्शियम जन्मापासून थोडं जास्त असतं, पण त्रास काही नसतो. त्याचं लांबलचक नाव आहे फॅमिलियल हायपोकॅल्शियुरिक हायपरकॅल्सेमिया. यात ऑपरेशनचा काही उपयोग नसतो. लघवीत कॅल्शियम फारच कमी जातं, त्यावरून तो ओळखू येतो. डॉक्टर कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढतात. ते ०.०१ पेक्षा कमी आलं तर सर्जनकडे नाही, जीनच्या तपासणीकडे वळायचं. डी व्हिटॅमिन खूप कमी असेल तरीही लघवीतलं कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून आधी ते भरून काढतात.

पद्धत अशी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी गोळा करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवीही कॅनमध्ये घाला. लॅबच्या कॅनमध्ये कधी कधी तळाला अ‍ॅसिड असतं. त्यात थेट लघवी करू नका, वेगळ्या मगमध्ये घेऊन हळूच ओता. उन्हाळ्यात कॅन माठाजवळ गार जागेत पाण्याच्या घमेल्यात ठेवा. त्या दिवशी वावरात किंवा लग्नाला जाऊ नका, एक वेळची लघवी बाहेर झाली की तपासणी वाया. एसटीने नेताना झाकण घट्ट लावून वर पिशवी बांधा.

खर्रा किंवा तंबाखूसोबत चुना खात असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चुना म्हणजे कॅल्शियमच. बीपीच्या काही गोळ्या (थायझाइड) आणि लिथियम यांनीही कॅल्शियम वाढतं. औषधांची सगळी पाकिटं बरोबर न्या.

३. ऑपरेशनआधी जीनची तपासणी

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त घाई होते. "आधी ऑपरेशन करून घेऊ, जीनचं मागाहून बघू" असं कोणी म्हणालं तर, कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर नसेल, तर थांबायला सांगा. पहिल्यांदा उघडलेली मान स्वच्छ असते, सर्जनला सगळं सुटं दिसतं. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणामुळे सगळं चिकटलेलं असतं. आवाजाची नस दुखावण्याचा आणि उरलेली चांगली ग्रंथी निकामी होण्याचा धोका वाढतो. पहिली संधी पूर्ण माहितीनिशी वापरायची असेल तर कोणता जीन बिघडला आहे हे आधी कळायला हवं.

तपासणीसाठी हातातलं रक्त पुरतं, सॅम्पल नागपूरहून कुरिअरने मोठ्या लॅबमध्ये जातं. पॅनल, म्हणजे अनेक जीनची एकत्र तपासणी, मागा. त्यात मेन-१, आरईटी, सीडीसी-७३, सीडीकेएन-१बी आणि सीएएसआर हे जीन असायला हवेत. (मेन-१ हे जीनचं नाव आणि त्याच्या दोषामुळे होणाऱ्या आजाराचंही; त्यात पॅराथायरॉइड, पॅन्क्रियास आणि मेंदूखालची पिट्युटरी अशा अनेक ग्रंथींत गाठी होतात.) घरात एकाच्या रक्तात दोष सापडला की बाकीच्यांसाठी तेवढ्या एकाच जागेची तपासणी पुरते आणि ती बरीच स्वस्त पडते. म्हणून आजार पक्का असलेल्या माणसाची आधी करा, लेकरांची मागून.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका. मेन-१ची लक्षणं असलेल्या काही घराण्यांत दोष सापडतच नाही. "अर्थ अनिश्चित" असाही निकाल येतो. अशा वेळी घरचा तो कागद आणि लक्षणं यांवरच निर्णय होतो.

४. कोणत्या आजारात किती

मेन-१

घराण्यातून येणाऱ्यांत हा सगळ्यात जास्त आढळतो. दोष ११व्या गुणसूत्रावर असतो आणि हा जीन १९९७ साली सापडला. वयाच्या पन्नाशीपर्यंत जवळपास सगळ्यांची पॅराथायरॉइड बिघडते, बहुतेकांची तर विशी-पंचविशीतच. मुख्य गोष्ट ही की यात चारही ग्रंथी आजारी असतात, फक्त प्रत्येकीची वाढ कमी-जास्त असते. स्कॅनमध्ये सगळ्यात मोठी तेवढी उठून दिसते. सेस्टामिबी स्कॅनमध्ये (वाढलेली पॅराथायरॉइड शोधणारा स्कॅन) "एकच गाठ" आली म्हणजे बाकीच्या तीन चांगल्या, असा अर्थ मेन-१मध्ये काढायचा नसतो. माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

इथे तीन वाटा आहेत.

पहिली, सबटोटल. साडेतीन ग्रंथी (कधी तीन) काढतात आणि सगळ्यात कमी बिघडलेल्या ग्रंथीचा एक तुकडा तिच्या रक्तपुरवठ्यासह जागेवर ठेवतात, साधारण एका नॉर्मल ग्रंथीएवढा. चांगले सर्जन हा तुकडा आधी तयार करतात, त्याचा रंग टिकतो का ते पाहतात आणि मगच बाकीच्या काढतात. तो काळा पडला तर दुसरी ग्रंथी अजून हाताशी असते. तुकड्यावर क्लिप किंवा न विरघळणारा टाका खूण म्हणून ठेवतात, म्हणजे पुढे शोधायला सोपं. सोबत मानेतूनच थायमसचे दोन्ही भाग काढतात, कारण जादा ग्रंथी तिथे असतात. आज बहुतेक तज्ज्ञ मेन-१साठी हीच वाट आधी सुचवतात. माझं हेच झालं. तरी हा कायमचा इलाज नाही. सबटोटलनंतरही दहा-बारा वर्षांत अर्ध्याच्या आसपास लोकांचं कॅल्शियम पुन्हा वाढतं. पण तेवढी वर्षं हाडं आणि किडन्या वाचतात.

दुसरी, टोटल आणि हातात रोपण. चारही ग्रंथी काढून त्यांतल्या एकीचे बारीक तुकडे ज्या हाताने तुम्ही काम करत नाही त्याच्या पुढच्या भागातल्या स्नायूत पेरतात. फायदा असा की आजार परतला तर मान उघडावी लागत नाही, तेवढी जागा बधिर करून हातातले काही तुकडे काढता येतात. तोटा मोठा आहे. तुकडे रुजायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर कॅल्शियम पूर्ण गोळ्यांवर चालतं. काहींचे रुजतच नाहीत. हे ऑपरेशन झालं असेल तर पीटीएचसाठी रक्त कायम दुसऱ्या हातातून द्या. पेरलेल्या हातातून घेतलं तर आकडा खोटा चढा येतो आणि लॅबवाल्याला ते माहीत नसतं.

तिसरी, कमी काढणं. एकाच बाजूच्या दोन ग्रंथी आणि त्या बाजूचा थायमस काढून दुसरी बाजू अस्पर्श ठेवतात. आजार पुन्हा दिसण्याची शक्यता सबटोटलपेक्षा जास्त, पण कॅल्शियम कायमचं पडण्याचा धोका फार कमी. तरुण वयात, आजार स्पष्टपणे एकाच बाजूला असेल तर काही केंद्रं हा पर्याय देतात. अट एकच: पुढे दुसरं ऑपरेशन लागेल हे आधीच मान्य करून, मुद्दाम ठरवून केलेलं हवं. न कळता एक ग्रंथी काढणं आणि हे, यांत मोठा फरक आहे.

मेन-१मध्ये आणखी एक. गॅस्ट्रिन (पोटातलं आम्ल वाढवणारं संप्रेरक) वाढवणारी गाठ असेल तर कॅल्शियम उतरल्यावर गॅस्ट्रिनही कमी होतं आणि अल्सर आटोक्यात यायला मदत होते. म्हणून पोटाचा त्रास सर्जनला सांगायला विसरू नका.

मेन-२ए

दोष आरईटी जीनमध्ये असतो. यात पॅराथायरॉइडचा त्रास वीस ते तीस टक्क्यांनाच होतो आणि बहुधा सौम्य असतो. म्हणून जेवढ्या ग्रंथी मोठ्या दिसतात तेवढ्याच काढायच्या, बाकीच्या जपायच्या. या आजाराचं खरं संकट थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर आणि अ‍ॅड्रिनलची फिओक्रोमोसायटोमा (किडनीवरच्या ग्रंथीतली, एकाएकी बीपी चढवणारी) ही गाठ आहे.

सावधान: आरईटीचा दोष असेल किंवा नुसता संशय असेल, तर मेटानेफ्रिनची (फिओक्रोमोसायटोमा ओळखणारी) तपासणी झाल्याशिवाय भूल घेऊ नका. ती गाठ असताना मानेचं ऑपरेशन केलं तर टेबलावरच बीपी आकाशाला भिडतं आणि जीव जाऊ शकतो. गाठ असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग मान.

जबड्याच्या गाठीसोबतचा प्रकार

सीडीसी-७३चा दोष. यात बरेचदा एकच ग्रंथी बिघडते, पण ती कॅन्सरची असण्याची शक्यता इतर प्रकारांपेक्षा खूप जास्त असते, साधारण सात-आठ जणांत एकाला. कॅल्शियम फार चढलेलं, गाठ हाताला लागते, आवाज बसला आहे, असं असेल तर सर्जनला कॅन्सर धरूनच चालावं लागतं. गाठीचं आवरण फुटू न देता ती आजूबाजूच्या चिकटलेल्या भागासकट एकसंध काढतात. अशा गाठीत सुई घालून तपासणी करू देऊ नका, पेशी सांडून पसरू शकतात. जुन्या काळी काही जण सगळ्याच ग्रंथी काढून टाकत. आता बिघडलेली तेवढी काढून जन्मभर नजर ठेवतात.

मेन-४ दुर्मीळ आहे आणि त्यात मेन-१सारखाच विचार करतात. लघवीत कॅल्शियम कमी जाणाऱ्या प्रकारात काहीच काढायचं नाही, हे वर आलंच.

५. तुमचं गाव कुठे आहे हेही निर्णयात धरा

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हा विचार आपोआप येत नाही.

कॅल्शियम पुन्हा वाढलं तर ते हळूहळू वाढतं. वर्षातून एकदा रक्त तपासलं की कळतं, वेळ मिळतो. कॅल्शियम पडलं तर वेळ मिळत नाही. रात्री दोन वाजता बोटं आखडतात, घसा आवळतो, झटके येतात. पावसाळ्यात नाल्याला पूर असेल, ग्रामीण रुग्णालय वीस किलोमीटरवर असेल, तर त्या रात्रीचं काय? कॅल्शियम पडल्यावर लागणाऱ्या कॅल्सिट्रिऑलच्या (तयार व्हिटॅमिन डीच्या) गोळ्या गावात मिळत नाहीत, तालुक्याच्या मेडिकलमध्येही कधी असतात, कधी नसतात. म्हणून माझं स्पष्ट मत: खेड्यात राहणाऱ्याने थोडं कमी काढलं जाण्याचा धोका पत्करावा, पण जन्मभर ग्रंथीविना राहण्याचा धोका होता होईल तो टाळावा. टोटल सुचवली गेली तर "सबटोटल का नको?" हा प्रश्न नक्की विचारा. कारण पटलं तर होकार द्या.

सर्जनशी बोलताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- घराण्यातून आलेल्या पॅराथायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?
- दोन्ही बाजू उघडून चारही ग्रंथी बघणार का?
- किती काढणार, कोणती ठेवणार, थायमस काढणार का?
- ठेवलेली ग्रंथी निकामी झाली तर काय करणार?
- टेबलावर असताना पीटीएच मोजायची सोय आहे का? (पीटीएच काही मिनिटांतच रक्तातून अर्धं होतं, त्यावरून सर्जनला अंदाज येतो. पण मेन-१मध्ये नुसतं पन्नास टक्के उतरलं म्हणून थांबणं पुरेसं नसतं)
- मला आत्ताच ऑपरेशनची गरज आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मुतखडे, ठिसूळ हाडं, किडनीवर परिणाम किंवा नॉर्मलच्या वरच्या टोकापेक्षा एक मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असेल तर थांबण्यात अर्थ नाही. काहीच त्रास नसेल, कॅल्शियम किंचितच वर असेल, तर लक्ष ठेवून थांबणं हाही निर्णय असतो. ऑपरेशन शक्यच नसेल तेव्हा सिनाकॅल्सेट ही गोळी कॅल्शियम खाली ठेवते.

कॅल्शियम बारा-तेराच्या पुढे असेल तर मात्र "कापूस वेचून झाला की बघू" म्हणू नका. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात अंगातलं पाणी आटलं की तेच कॅल्शियम एकाएकी जीवघेण्या पातळीवर जातं.

६. दवाखाना आणि कागदपत्रं

सुरुवात जवळून करा: नागपूरचं मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, सेवाग्राम, सावंगी मेघे. आधी एंडोक्रायनॉलॉजी किंवा मेडिसिनची ओपीडी गाठा, सर्जरीची मागून. इथे या ऑपरेशनचा सराव असलेला सर्जन मिळाला तर उत्तम, पुढची वर्षानुवर्षांची ये-जा सोपी होते. नाही मिळाला, किंवा हे दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन असेल, तर लखनौचं एसजीपीजीआय किंवा वेल्लोरचं सीएमसी गाठा. तिथे एंडोक्राइन सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत. वेल्लोरला जाताना तिकीट काटपाडी स्टेशनचं काढा.

बरोबर न्या:

- आधार आणि रेशन कार्ड, रुग्णाचं आणि सोबत राहणाऱ्याचं आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते
- घरातल्या आजारांचा कागद
- सगळे कॅल्शियम-पीटीएचचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून
- जीनचा पूर्ण रिपोर्ट, नुसतं पहिलं पान नाही
- सोनोग्राफी, सेस्टामिबी, सीटी यांच्या फिल्म किंवा सीडी
- मानेचं आधी ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट

ऑपरेशनच्या नोंदीबद्दल एक सांगते. डिस्चार्ज कार्डवर "पॅराथायरॉइडेक्टॉमी" एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या बाजूची, वरची की खालची, बाकीच्या दिसल्या का, हे त्यावरून कळत नाही. ते ऑपरेशन नोट्समध्ये असतं आणि अर्ज केल्यावर मिळतं. भावाच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही त्या चार ओळींसाठी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी किती दिवस उभे होतो! सुट्टी होतानाच मागून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथे जा, ऑपरेशनचं नेमकं नाव सांगा आणि ते त्या दवाखान्यात योजनेत बसतं का, मंजुरी कधी येईल, ते विचारा. भरती झाल्यावर विचारलं की धावपळ होते. परराज्यात जाणार असाल तर तिथे कोणतं कार्ड चालतं ते निघण्याआधी फोन करून पक्कं करा.

७. ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा

ऑपरेशन बहुधा सुरळीत होतं, दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते आणि माणसं लगेच गावची गाडी धरतात. कॅल्शियम मात्र सगळ्यात खाली जातं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. हाडं फार उपाशी असतील तर त्याहून जास्त दिवस ती रक्तातलं कॅल्शियम ओढत राहतात. म्हणून सुट्टी झाली तरी आठवडाभर शहरातच राहा, नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत, आणि एकदा रक्त तपासूनच निघा.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं ही पहिली खूण. मग पायात गोळे, मग पंजा आखडून बोटं एकत्र जुळणं. मुंग्यांवरच डॉक्टरांना फोन करा, पंजा आखडण्याची वाट बघू नका. गावच्या डॉक्टरला हे मिरगीसारखं वाटू शकतं. म्हणून सुट्टीच्या वेळी एका कागदावर लिहून घ्या: "पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालं आहे, झटके आले तर आधी कॅल्शियम तपासा, शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश द्या." त्याची झेरॉक्स आपल्या पीएचसीत, ग्रामीण रुग्णालयात आणि आशाताईकडे आधीच देऊन ठेवा.

गोळ्यांचं गणित: कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. अ‍ॅसिडिटीची गोळी (पॅन्टोप्राझोलसारखी) कायम चालू असेल तर कार्बोनेट नीट पचत नाही, अशांनी सायट्रेटबद्दल विचारावं. मेन-१मधल्या पुष्कळांना ही गोळी चालू असते, म्हणून हा मुद्दा आमच्यासारख्या घरांत हमखास लागू पडतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. कॅल्सिट्रिऑलचा महिनाभराचा साठा शहरातूनच आणा आणि तालुक्याच्या मेडिकलवाल्याला मागवून ठेवायला सांगा. गोळ्यांऐवजी चुना खा, असं कोणी सांगेल. ऐकू नका, त्याचा डोस मोजता येत नाही आणि तोंड, घसा भाजतो तो वेगळाच.

आवाज थोडा बसणं काही दिवस चालतं. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज परतच येत नसेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

८. पुढची वर्षं आणि लेकरं

सहा महिन्यांनी कॅल्शियम आणि पीटीएच करा. तेव्हा कॅल्शियम नॉर्मल असेल तर ऑपरेशन यशस्वी. सहा महिन्यांच्या आतच पुन्हा चढलं तर काहीतरी राहून गेलं असा अर्थ, नंतर चढलं तर आजार परतला. त्यापुढे वर्षातून एकदा, जन्मभर. आम्ही सगळ्यांची तपासणी दिवाळीनंतर एकाच दिवशी करतो, म्हणजे कोणाची राहत नाही. मेन-१ असेल तर पॅन्क्रियास, पिट्युटरी आणि छाती यांचीही ठरावीक अंतराने तपासणी लागते. छातीतल्या थायमसची गाठ बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत जास्त दिसते. घरातल्या अशा पुरुषांना हे तोंडावर सांगा.

लेकरांची जीन तपासणी मेन-१मध्ये साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास सुचवतात, कॅल्शियम दरवर्षी बघायचं ते साधारण आठव्या वर्षापासून. आरईटीच्या दोषात इतकं थांबता येत नाही. दोषाच्या प्रकारानुसार थायरॉइड पहिल्या वर्षात किंवा पाच वर्षांच्या आत काढावं लागू शकतं, म्हणून बाळ झालं की लगेच विचारा. मुलगी लग्न होऊन गेली असेल तर रिपोर्टची एक झेरॉक्स तिच्याकडे द्या आणि दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना ती दाखवायला सांगा. ज्याच्यात दोष नाही असं पक्कं निघालं त्याच्या मागचा दरवर्षीच्या रक्ताचा ससेमिरा तिथेच संपतो आणि त्याच्या लेकरांचाही.